तलावावर फलक नको, दोर बांधा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या अंकात शहरातल्या काही डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनी आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं जोडलेली लांबलचक स्पर्धा, पूर्ण केल्याची बातमी होती. गळ्यात पदकं, मागे समुद्र, असा छान फोटोही होता. वाचून फार बरं वाटलं, कारण त्या एका पदकासाठी किती पहाटा खर्ची पडतात हे आता मला ठाऊक आहे. त्याच पानाच्या तळाशी चार ओळींची आणखी एक बातमी होती. तलावात पोहायला उतरलेला एक शाळकरी मुलगा बुडाला. वाचकांनी या दोन बातम्या वेगवेगळ्या वाचल्या असतील. मला त्या एकाच विषयाच्या वाटल्या, गावच्या मुलांना तलावात सुरक्षितपणे पोहायला शिकवण्याच्या, म्हणून हे पत्र. लांबलं तर माफ करा, पण छापणार असाल तर पूर्ण छापा ही विनंती.

भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी तेवीस वर्षांपासून शारीरिक शिक्षण शिकवते. वय ४७. आमचा हा धानाचा पट्टा, आणि इथे गाव म्हटलं की तलाव आलाच. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले, नंतर मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, गेलेले आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झालेले हे तलाव. कागदावर ते 'माजी मालगुजारी' आणि बोलण्यात 'मामा तलाव'. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून ते हजारोंनी आहेत. त्यांच्या पाण्यावर धान होतं, त्यात मासोळी होते, शिंगाडा होतो, म्हशी डुंबतात, बाया कपडे धुतात. पोहणं मात्र फक्त ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, लेकरांना येतं. बाकीची मुलं पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून बघतात, नाहीतर उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी घरी न सांगता उतरतात.

मी स्वतः धावपटू. कॉलेजात ८०० मीटर पळायचे. बी.पी.एड.ला पोहण्यात उत्तीर्ण झाले ते जेमतेम आणि उथळ पाण्यात. पाय टेकत नाहीत अशा पाण्यात वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी कधीच उतरले नव्हते, आणि शाळेपासून तलाव दोनशे पावलांवर आहे.

२०२२ च्या हिवाळ्यात ओळखीच्या एका प्रशिक्षकाने मला नागपूरला बोलावलं. छोटीशी ट्रायथलॉन होती आणि वेळ टिपायला माणसं कमी पडत होती. पोहून आल्यावर सायकल घ्यायची आणि सायकल ठेवून पळायला निघायचं, ती जागा त्यांनी मला दिली. तरुण मुलं वाऱ्यासारखी आली नि गेली. मग बऱ्याच वेळाने साठीच्या आसपासचे एक गृहस्थ पाण्यातून आले. ओल्या पायांवर मोजा चढेना. दोनदा ओढून पाहिला, तिसऱ्यांदा खाली बसले, डब्यातली पावडर तळव्याला लावली आणि शांतपणे एकेक बोट मोज्यात घातलं. हात थरथरत होते. मला विचारलं, "मॅडम, मी कितवा?" मी म्हटलं, "काका, शेवटून दुसरे." ते म्हणाले, "म्हणजे मागून अजून एक जण येतोय. त्याच्यासाठी पाणी ठेवा, संपवू नका." आणि सायकल घेऊन निघाले. तेवीस वर्षांत मी शेकडो शर्यती लावल्या, पण शेवटून दुसऱ्या आलेल्या माणसाला शेवटच्याची काळजी करताना पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवशी परतताना एसटीत बसल्यावर मी ठरवलं की हे शिकायचं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं, आणि मध्ये घड्याळ थांबत नाही. कपडे-बूट बदलायला लागलेला वेळही मोजला जातो. ऑलिम्पिकमध्ये दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असतं. त्याच्या निम्म्या अंतराला स्प्रिंट म्हणतात. बातमीतल्या आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहून १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. हा आकडा ऐकला की आमच्याकडची माणसं हात जोडतात आणि विषय संपतो. पण नवशिक्यांसाठी चारशे मीटर पोहणं, दहा किलोमीटर सायकल आणि अडीच किलोमीटर पळणं असा छोटा प्रकारही आहे, आणि तो आमच्या आठवीतल्या मुलीच्या आवाक्यातला आहे.

या खेळाचा उगमही मोठा ओळखीचा वाटतो. १९७४ साली अमेरिकेत सॅन दिएगो इथल्या एका धावण्याच्या क्लबाने सरावात जरा वेगळेपणा हवा म्हणून ही शर्यत घेतली, ४६ जण आले. मग हवाई बेटांवर पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांत खरा दमदार कोण यावर वाद रंगला. जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने आणि त्याच्या पत्नीने १९७८ मध्ये तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती जोडून एक केली. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली, आणि पहिला आलेला गॉर्डन हॉलर हा टॅक्सीही चालवायचा. म्हणजे ही सगळी आपापलं काम सांभाळून खेळणारी माणसं. आणि तोच वाद आमच्या गावच्या पारावर मी स्वतः ऐकला आहे. ढिवराचा पोरगा, गावोगाव सायकलवर पाव विकणारा आणि पोलीस भरतीचा पोरगा, तिघांत दम कोणाचा? वाद तिथेच राहतो, कारण तिघं एका शर्यतीत कधी उतरतच नाहीत.

मला सांगायची आहे ती गोष्ट इथेच सुरू होते. ट्रायथलॉनला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी आमच्या गावात आहेत. फक्त त्या तीन वेगवेगळ्या घरांत आहेत. पाणी ढिवरांच्या घरात. सायकल मुलींकडे, कारण मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासूनच्या मुलींना सायकली मिळतात आणि त्या रोज चार-पाच किलोमीटर येऊन तेवढ्याच परत जातात. पाठीवर दप्तर, समोरून वारा, धान कापणीच्या दिवसांत रस्ताभर ट्रॅक्टरमधून पडलेला चिखल. आणि धावणं भरतीच्या पोरांकडे. पहाटे साडेचारला आमच्या डांबरी रस्त्यावर उभे राहा, मुलं सोळाशे मीटरसाठी आणि मुली आठशे मीटरसाठी पळताना दिसतील. ढिवराच्या पोराला कुणी म्हणत नाही की बाबू, तूही पळ. मुलीला कुणी म्हणत नाही की पाण्यात उतर. भरतीवाला म्हणतो, मला सायकल कशाला?

मला पोहायला माझ्याच शाळेतल्या नववीच्या एका मुलीने शिकवलं. तिचे वडील मासेमारी करतात. वर्गात ती शेवटच्या बाकावर गप्प बसायची. पहिल्या दिवशी मी छातीभर पाण्यात उभी होते, ती माझ्यापुढे पाण्यावर नुसती पडून होती, हातपाय न हलवता. म्हणाली, "मॅडम, मान उचलू नोका. पान्यावर झोपा. पानी उचलते." मी मान उचलली की कंबर खाली जायची आणि नाकात पाणी. हे कारण पुस्तकात मी वाचलेलं होतं, मुलांना शिकवलंही होतं. पण तिचा हात माझ्या डोक्याखाली तळव्यासारखा होता, आणि सोळाव्या दिवशी तिने तो कधी काढून घेतला ते मला कळलंच नाही.

तरण तलावात तळाशी काळी रेघ असते, तिच्या आधाराने माणूस सरळ जातो. गावच्या तलावात पाणी हिरवं-मातकट, स्वतःचा हातही दिसत नाही. मी शंभर मीटरमध्ये वीस मीटर डावीकडे जायचे. तिनेच युक्ती दिली. पलीकडच्या पाळीवर मोहाचं एक झाड आहे. सहा हात मारायचे आणि मगरीसारखे फक्त डोळे वर काढून मोह बघायचा, तोंड नाही. शहरातले प्रशिक्षक हेच शिकवतात, फक्त मोहाच्या जागी त्यांच्याकडे नारिंगी फुगा असतो. शिंगाड्याची वेल पायात आली तर झटका द्यायचा नाही, पाय सैल सोडून मागे सरकायचं, हेही तिचंच. जानेवारीत पाणी इतकं गार असतं की एकदम उडी घेतली तर श्वासच अडकतो. तेव्हा आधी मनगटं, मग मान, मग छाती भिजवायची आणि श्वास लागेपर्यंत थांबायचं. तिची आजी काठावर बसून हे सगळं बघायची. एकदा मी विचारलं, "आजी, तुम्हाला पाण्याची भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "भेव काहून बाई? पन पान्याचा मान ठेवा लागते." सुरक्षेवरची पुष्कळ भाषणं मी ऐकली, त्यातलं इतकं नेमकं वाक्य मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी मी पहिली स्प्रिंट पूर्ण केली. दोन तास नऊ मिनिटं. सायकल माझी रोजचीच, बिनगिअरची, फक्त कॅरिअर काढलं होतं. सायकलवरून उतरून पळायला लागल्यावर पाय आपले राहत नाहीत हे ऐकलं होतं, पण प्रत्यक्षात ते लाकडाचे होतात. मांड्या गोल फिरायला सरावलेल्या असतात, त्यांना पुन्हा जमिनीवर आपटायला शिकवावं लागतं. पाच-सात मिनिटांनी जीव येतो. आमची मुलं याला 'लाकडी पाय' म्हणतात आणि आठवड्यातून एकदा मुद्दाम त्याचा सराव करतात. शाळेला तीन चकरा सायकलवर, सायकल भिंतीला लावली की लगेच एक चक्कर धावत.

आमच्या भागात केंद्रीय राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ भरतीची तयारी करून घेतात. धान निघालं की स्वतःच्या बांधीत चुन्याने फक्की मारून मैदान आखतात, पैसे घेतले तर नावापुरते. मी ट्रायथलॉनचं सांगितलं तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, भरतीत पोहण्याला किती गुण?" शून्य, मी म्हटलं, आणि तिथेच बोलणं थांबलं. पण त्यांची खरी अडचण निराळी होती. दरवर्षी दहा पोरांतल्या तिघा-चौघांची नडगी धरते. डांबरी रस्ता, झिजलेले बूट, सकाळ-संध्याकाळ धावणं. मग पंधरा दिवस विश्रांती आणि कमावलेला दम गेला. मी म्हटलं, विश्रांतीच्या दिवसांत त्यांना माझ्याकडे पाठवा. पाण्यात नि सायकलवर छाती-फुप्फुस काम करतं, पण नडगीवर आपट बसत नाही. त्यांनी दोघांना पाठवलं. तीन आठवड्यांनी ती दोघं पुन्हा सोळाशे मीटर धावली तेव्हा वेळ फारसा घसरला नव्हता. त्यानंतर बावन्न वर्षांचा हा माणूस एका रविवारी स्वतः टॉवेल घेऊन पाळीवर हजर झाला. आता त्यांच्या फळ्यावर तीन रकाने असतात.

त्यांनीच माझ्या लक्षात आणून दिलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. भरतीच्या वयाची अट संपली की पोरगा पळणं सोडतो. कायमचं. सहा-सात वर्षं रोज पहाटे उठलेलं शरीर, आणि एका निकालानंतर तो पहाटे उठत नाही. लोक विचारतात, आता कशाला पळतो? काहींची पावलं नको त्या अड्ड्याकडे वळतात, हेही आम्ही दोघांनी पाहिलं आहे. ट्रायथलॉनमध्ये वयाचे गट असतात आणि माणूस आपल्याच वयाच्या लोकांबरोबर मोजला जातो. अमेरिकेतल्या सिस्टर मॅडोना ब्यूडर या ख्रिस्ती ननने पन्नाशीनंतर हा खेळ सुरू केला आणि २०१२ मध्ये वयाच्या ८२व्या वर्षी पूर्ण आयर्नमॅन केली. भरती हुकलेला आमचा एक पोरगा आता धान गिरणीत पोती उचलतो आणि रविवारी आमच्या लहान मुलांना सायकलची साखळी बसवायला शिकवतो. तो पुन्हा पहाटे उठतो.

आता दुसऱ्या बातमीकडे येते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात असाच एक मुलगा गेला. तो माझ्या शाळेचा नव्हता, पण मी त्याला ओळखत होते. तालुक्याच्या स्पर्धेत पंधराशे मीटरला तो दुसरा आला होता आणि त्याच्या प्रमाणपत्रावर त्याचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं होतं. सायकल तर तो हात सोडून चालवायचा. त्या दुपारी तिघं मित्र तलावावर गेले. उन्हाळ्यात त्या तलावातून यंत्राने गाळ आणि मुरूम काढला होता. वरून पाणी सारखंच दिसतं, पण खाली गुडघाभरानंतर एकदम पुरुषभर खड्डा. तो चालत होता आणि पुढचं पाऊल टेकलंच नाही. एक मित्र घाबरून उभा राहिला, दुसरा गावाकडे धावत सुटला. तो चांगला धावणारा होता, पण गाव एक किलोमीटर दूर. काठावर वाळलेला बांबू पडून होता. बांबू पुढे करायचा, स्वतः उडी मारायची नाही, हे त्या दोन लेकरांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. तालुक्यातल्या मुलांना मी इतकी वर्षं पळायला शिकवत होते.

त्यानंतर आजूबाजूच्या सगळ्या तलावांवर फलक लागले, आमच्याही. 'पोहण्यास सक्त मनाई. उल्लंघन केल्यास दंड.' ज्यांनी लावले त्यांच्या मनात काळजीच होती, मला त्यात शंका नाही. आमचा पहाटेचा सराव बंद झाला. मग काय घडलं ते सांगते. ढिवरांची मुलं बापाबरोबर जाळ्याला जातात, ती पोहतच राहिली. ज्यांना येत नव्हतं त्यांचं शिकणं थांबलं. आणि उन्हाळा आला तशी तीच मुलं गावाबाहेरच्या मुरमाच्या खदानीकडे जाऊ लागली, जिथे फलक नाही, धोबीण नाही, जाळं टाकणारा नाही, हाक ऐकायला माणूस नाही. हे मी दोनदा स्वतः जाऊन पाहिलं आणि दोनदा मुलांना परत आणलं.

पाण्यात बुडून जगात दरवर्षी सुमारे तीन लाख माणसं मरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि त्यावरच्या उपायांत शाळकरी मुलांना पोहणं, पाण्यातली सुरक्षितता आणि सुरक्षित बचाव शिकवा असं स्पष्ट म्हणते. ट्रायथलॉनवाल्यांनाही हे सोसून कळलेलं आहे. या खेळात जिवावर बेतण्याचे प्रसंग सर्वांत जास्त पाण्यातच येतात. म्हणून त्यांनी पाण्याभोवती नियमांची भिंत उभी केली आहे. दम लागला तर नावेला किंवा फुग्याला धरून थांबता येतं, त्याने कुणी बाद होत नाही, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. किती जण उतरले आणि किती बाहेर आले याची मोजणी होते. पाणी खराब असेल तर शर्यत थांबते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सीन नदीचं पाणी शुद्ध नव्हतं म्हणून पुरुषांची शर्यत एक दिवस पुढे ढकलली होती, तीही जगातले सर्वांत तयार खेळाडू काठावर उभे असताना.

आम्ही हेच आमच्या परीने करत होतो. मच्छीमार संस्थेच्या लोकांना आधी भेटलो, कारण तलाव त्यांनी ठेक्याने घेतलेला, त्यात त्यांचं मत्स्यबीज असतं. त्यांच्या एका जुन्या सभासदाने सांगितलं, "बाई, जाळे उगवतीच्या अंगाले लागते. तुमी देवळाच्या बाजूनं पोहा." देवळाच्या बाजूचा तळ आम्ही बांबूने चाचपून पाहिला, पावला-पावलाने. तुडुमापासून, म्हणजे पाणी सोडायच्या दारापासून, लांब राहिलो. शंभर मीटर नायलॉनचा दोर ताणला आणि दर पाच मीटरवर गोड्या तेलाच्या रिकाम्या पाच लिटरच्या कॅन बांधल्या. त्या कॅन गावानेच दिल्या. दोराजवळ एक डोंगा, त्यात एक ढिवर दादा, सकाळच्या दोन तासांची त्यांना मजुरी. काठावर बांबू आणि दोर बांधलेली आणखी एक कॅन, फेकायला. मोजणी चपलांची. प्रत्येकाने उतरण्याआधी चपला पाळीवर एका ओळीत लावायच्या आणि बाहेर आलं की आधी चपला पायात, मग बाकी सगळं. चप्पल शिल्लक म्हणजे लेकरू पाण्यात. एक दिवस एक जोडी उरली आणि माझ्या छातीत धस्स झालं. मुलगी झाडामागे कपडे बदलत होती, अनवाणी. त्या दिवशी कुणी तिला रागावलं नाही, पण त्यानंतर सराव बंद होईपर्यंत एकही चप्पल उरली नाही.

यात महाग काय आहे? सगळ्यात मोठा खर्च डोंग्यावरच्या दादांची मजुरी. कोजागिरीनंतर होळीपर्यंत पाणी पोहण्याजोगं असतं, त्याआधी सांडवा वाहतो आणि त्यानंतर चिखल वर येतो. म्हणजे वर्षाचे पाचेक महिने.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक मोठ्या गावात तलावाचा एक कोपरा, तळ तपासलेला, दोर लावलेला, ठरलेल्या वेळी आणि पाहणाऱ्या माणसाच्या नजरेखाली पोहण्यासाठी मोकळा करा. बाकी तलावावर फलक राहू द्या, माझं काही म्हणणं नाही. गाळ काढताना काठाचा उतार सरळ ठेवायची अट घाला. दोन-दोन ढिवर तरुणांना जीवरक्षकाचं प्रशिक्षण द्या आणि त्यांना मानधन द्या. ज्यांच्या पिढ्या या पाण्यात गेल्या त्यांच्याइतका चांगला जीवरक्षक आपण कुठून आणणार? आणि शालेय खेळांत जिल्हा पातळीवर छोटी ट्रायथलॉन किंवा निदान पोहणं-धावणं जोडलेली शर्यत सुरू करा, म्हणजे शाळांना ती करायला कारण मिळेल. क्रीडाशिक्षकांना मी ओळखते, त्यांच्यातलीच आहे. स्पर्धा आली की आम्ही शिकतो आणि शिकवतो.

परवानगी मागायला गेले त्या चारही ठिकाणी मला 'जबाबदारी कोण घेणार' असं विचारलं गेलं. मी लेखी दिलं की पहाटेच्या दोन तासांची जबाबदारी माझी. पालकांची संमतीपत्रं जोडली. त्यावर अजून उत्तर नाही. माझाही एक प्रश्न आहे. खदानीवर जाणाऱ्या मुलांची जबाबदारी आज कोणाकडे आहे?

काही जण म्हणतात, हा पैसेवाल्यांचा खेळ, लाखाच्या सायकली लागतात. लागतात, ज्यांना जिंकायचं त्यांना. शिकायला ब्रेक नीट असलेली सायकल पुरते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या ट्रायथलॉनचं सुवर्ण फ्लोरा डफीने जिंकलं ते बर्म्युडासाठी. त्या बेटांचं ते पहिलंच सुवर्ण, आणि त्या सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या आमच्या एका तालुक्याहून कमी आहे. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत या खेळात महाराष्ट्राच्या डॉली पाटीलने सुवर्ण आणलं. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. आपल्या मातीत दम नाही असं कुणी म्हणू नये. मला पोहायला शिकवणारी ती मुलगी आता बारावीत आहे. चारशे मीटर ती तोंडाला फेस न येता पोहते, सायकल रोजचीच आहे, आणि धावणं मी शिकवलं. मागच्या बाकावरची ती मुलगी आता प्रार्थनेच्या वेळी रांगा लावते. तिला एकदा तरी आपल्या जिल्ह्यात, आपल्या पाण्यात शर्यत मिळावी, एवढी माझी इच्छा आहे.

जाता जाता एक विनंती. या खेळात सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा गळ्याखाली बांधलेला लागतो आणि सायकल परत ठेवेपर्यंत सोडायचा नसतो. आमचा पाण्याचा सराव थांबला असला तरी सायकल आणि धावणं सुरू आहे, अकरा मुलं येतात. हेल्मेट चारच आहेत, तीही मोठ्यांच्या मापाची, म्हणून आत रुमालाची घडी घालावी लागते. कुणा वाचकाच्या घरी मुलांचं सायकलचं हेल्मेट, न पडलेलं, न तडकलेलं, पडून असेल तर आपल्या कार्यालयात द्यावं. दिवाळीच्या सुटीत मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपली नम्र वाचक,
एक शारीरिक शिक्षण शिक्षिका,
जि. भंडारा